वाचकांचे प्रश्न : घरातल्या आज्ञा आणि देवाची कृपा

या महिन्यात सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरतात. घरात शिस्त हवी, पण ज्या घरात कृपेची, म्हणजे न कमावता मिळणाऱ्या देवाच्या प्रेमाची, सुवार्ता सांगितली जाते तिथे ती लावायची कशी? पहिल्या दोन पत्रांना जागा जास्त दिली आहे, कारण त्यांतला गुंता बाकीच्यांतही पुन्हा येतो.

प्रश्न : सलाम. आमचा मुलगा 11 वर्षांचा आहे. दहा आज्ञा न चुकता म्हटल्या म्हणून शब्बाथशाळेत (चर्चच्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गात) त्याला बक्षीस मिळालं. पण घरी सर्रास खोटं बोलतो. अभ्यास झाला म्हणतो आणि वही कोरी असते. मी दर वेळी सांगते, ‘खोटं बोलणारी मुलं येशूला आवडत नाहीत.’ परवा तो म्हणाला, ‘मग मलाही येशू आवडत नाही.’ तेव्हापासून त्याला काही बोलायचीच भीती वाटते. शिस्त लावू की कृपा दाखवू?
(एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, त्याचे बोलणे उद्धट वाटले तरी त्याचा हिशेब बरोबर आहे. आपण नीट वागलो तरच जो आपल्याला जवळ करतो, त्याच्यावर मूल माया करत नाही, त्याला चुकवायला शिकते. शिवाय तुम्ही सांगितलेला येशू शुभवर्तमानातला नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असे पवित्र शास्त्रातल्या रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायाचे 8 वे वचन (रोम 5:8) सांगते. म्हणून आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘मी तुला चुकीचं सांगितलं होतं. तू खोटं बोललास तरी येशूचं तुझ्यावरचं प्रेम कमी होत नाही. खोटं बोलणं मात्र चुकीचंच आहे.’ यातले एकही वाक्य गाळू नका. आणि त्या बदल्यात लगेच त्याच्याकडून काही कबूल करून घेऊ नका.

आता आज्ञांकडे येऊ. आपल्या घरांच्या भिंतींवर दहा आज्ञांचे जे तक्ते असतात, त्यांतले बरेचसे ‘माझ्यावेगळे तुला अन्य देव नसावेत’ इथून सुरू होतात. ते निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायाचे 3 रे वचन. त्याच्या आधीचे 2 रे वचन तक्त्यातून गळते, आणि सगळे तिथेच बिघडते. मी तुझा देव परमेश्वर आहे, मी तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले, असे देव आधी सांगतो. यहुदी परंपरेत तर दहा वचनांतले पहिले वचन म्हणून हेच मोजतात. निर्गमातला क्रम बघा. वल्हांडण (सुटकेच्या रात्रीचा सण) 12 व्या अध्यायात, समुद्र दुभंगला 14 व्यात, मान्ना (रानात देवाने दिलेले अन्न) 16 व्यात आणि आज्ञा 20 व्यात. सुटून आल्यावर तिसऱ्या महिन्यात इस्राएली लोक सीनाय डोंगराजवळ पोहोचले, तोवर ते देवाच्या हातचे खात होते. आज्ञा पाळल्या म्हणून कोणी मिसरातून सुटले नाही. तक्ता काढून टाकू नका, त्याच्या माथ्यावर 2 रे वचन मुलाच्याच हाताने लिहून घ्या.

अनुवाद 6 मध्ये याचीच घरगुती रीत दिली आहे. त्या अध्यायातले 7 वे वचन आपण लग्नात आणि बाप्तिस्म्याच्या वेळी हमखास ऐकतो: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना आज्ञांविषयी बोलत जा. त्यापुढचे 20 वे वचन मागे पडते. उद्या मुलाने विचारले की हे विधी, हे नियम कशासाठी, तर बापाने काय उत्तर द्यायचे? ‘देव सांगतो म्हणून’ एवढे सांगून थांबायचे नाही. ‘आम्ही मिसरात फारोचे दास होतो’ इथून सुरुवात करायची. म्हणजे ‘का?’ या प्रश्नाला सुटकेची हकिकत सांगायची आणि मग तिच्या पोटात आज्ञा ठेवायची. मुलगा ‘खोटं का नाही बोलायचं?’ म्हणाला तर तुम्हाला सांगता येईल: ‘आपण ज्याचे आहोत तो आपल्याशी कधी खोटं बोलला नाही. म्हणून आपल्या घरात एकमेकांच्या शब्दावर विसंबता आलं पाहिजे.’

आता रोजच्या खोटेपणाचे काय करायचे ते पायरीपायरीने सांगतो.

उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारू नका. कोरी वही पाहून झाल्यावर ‘अभ्यास झाला का?’ विचारणे म्हणजे सापळा लावणे. पकडले जाण्याच्या भीतीने मुलाच्या तोंडून पहिले जे निघते ते बहुधा खोटेच असते. एदेन बागेत देवानेही ‘तू कोठे आहेस?’ असे ठाऊक असूनच विचारले, हे खरे. पण तो आदामाला लपलेल्या जागेतून बाहेर येण्याची वाट करून देत होता. तुम्ही म्हणा, ‘वही कोरी आहे, मी पाहिली. काय झालं ते सांग. पाच मिनिटांनी सांगितलंस तरी चालेल.’

खोटे बोलणे आणि मूळ चूक यांचे परिणाम वेगळे ठेवा. अभ्यास राहिला तर खेळायला जाण्याआधी तो पुरा करायचा, हा चुकीचा परिणाम. खोटेही बोलला तर पुढचे तीन दिवस वही दाखवूनच बाहेर जायचे, हा खोटेपणाचा परिणाम, कारण शब्दावरचा विश्वास कमी झाला. त्याने आपणहून खरे सांगितले तर दुसरा परिणाम पूर्ण माफ, पहिला तसाच राहील. दोन्ही माफ केलेत तर कबुली ही सुटण्याची युक्ती बनते. दोन्ही लादलेत तर खरे बोलून काही हाती लागत नाही, हे त्याला आठवडाभरात कळते.

त्याच रात्री प्रकरण मिटवा. सूर्य मावळण्याआधी राग संपवा, हे इफिस 4:26 घराइतके दुसरीकडे कुठे लागू पडत नाही. मावशी आल्यावर, शब्बाथशाळेच्या बाईंसमोर किंवा रात्रीच्या प्रार्थनेत तो विषय पुन्हा काढू नका. ‘प्रभो, याला खरं बोलायला शिकव’ अशी त्याच्यादेखत केलेली प्रार्थना मुलाला प्रार्थना वाटत नाही, ती त्याला जाहीर तक्रार वाटते. त्याऐवजी स्वतःची त्या दिवसाची एक चूक नाव घेऊन कबूल करा. दोन मिनिटे पुरेत.

एक मोजणीही करा. रविवार सोडून कोणताही एक दिवस घ्या आणि मुलाला दिवसभरात दिलेली प्रत्येक सूचना कागदावर रेघ मारून मोजा. रात्री तिचे तीन भाग पाडा: देवाची आज्ञा (खरे बोल, बहिणीला मारू नको), घराचा नियम (नळाला पाणी येईल त्या दिवशी पिंप भरायला मदत कर, नऊला दिवा बंद) आणि निव्वळ आपली आवड (हा शर्ट नको, भांग असा पाड, भात असा कालव). तिसऱ्या भागाची रांग बहुतेक घरांत सगळ्यांत लांब निघते, आणि तिन्ही भागांतल्या सूचना आपण एकाच चढ्या आवाजात देत असतो. मग मुलाला भांग आणि खोटे यांतले जड काय ते कळणार कसे? पुदिना आणि जिरे यांचा दशमांश द्यायचा आणि न्याय, दया, विश्वास मात्र सोडायचा, या दोषावर येशूने मत्तय 23:23 मध्ये बोट ठेवले आहे. आवडीच्या सूचना निम्म्यावर आणा. घराचे नियम पाचाच्या आत ठेवा आणि ते आईबापांनाही लागू करा.

प्रश्न : मी यंत्रमागावर रात्रपाळीला असतो. 14 वर्षांच्या पोराने माझ्या खिशातून दोन वेळा मिळून 300 रुपये काढले. मी त्याला पट्ट्याने मारलं. बायको म्हणते, देवाने आपल्याला फुकट माफ केलं, आपणही सोडून द्यावं. सोडून दिलं तर पोरगं चोर होईल. मारलं तर ते आठ दिवस झाले माझ्याशी बोलत नाही. कोणाचं बरोबर?
(एक वडील, अक्कलकोट रोड)

उत्तर : चोरी सोडून द्यायची नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर. मुलाला क्षमा मिळाली पाहिजे, हे तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर. पट्टा मात्र कोणत्याही बाजूने बरोबर नाही, आणि काही न करता विषय मिटवणे म्हणजेही कृपा नव्हे.

लेवीय 6:1-7 दोघांनी मिळून वाचा. ज्याने दुसऱ्याचे लुबाडले त्याने मूळ वस्तू परत करावी, वर तिचा पाचवा हिस्सा घालावा आणि दोषार्पण (अपराधासाठीचा यज्ञबली) आणावे. मग त्याला क्षमा होईल. क्षमा आणि भरपाई या परिच्छेदात शेजारी शेजारी आहेत, एकीमुळे दुसरी रद्द होत नाही. तुमच्या घरात याचा हिशेब असा: 300 आणि त्याचा पाचवा हिस्सा 60, एकूण 360 रुपये. घरातली भरपाई म्हणजे प्रायश्चित्त नव्हे, ते ख्रिस्ताने एकदाच केले. पण ज्याचे नुकसान झाले त्याला ते भरून देणे ख्रिस्ताने रद्द केलेले नाही.

जक्कय या जकातदाराचा क्रम डोळ्यांपुढे ठेवा. लूक 19:5 मध्ये येशू म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. चौपट परत करण्याची गोष्ट जक्कय त्यानंतर, 8 व्या वचनात काढतो, आणि तीही स्वतःहून. आधी घरी उतरणे झाले, मग पैशाचा हिशेब. म्हणून मुलाशी भरपाईचे बोलण्याआधी आपले मारणे निस्तरा. त्याची माफी मागा, आणि ती चार गोष्टींनी पुरी होते. काय केले त्याचे नाव घ्या: ‘मी तुला पट्ट्याने मारलं.’ ते चूक होते असे म्हणा, आणि त्यापुढे ‘पण’ जोडू नका. ‘पण तू चोरी केलीस’ म्हटले की माफीचा आरोप होतो. पुढे काय करणार ते सांगा: ‘राग आला तर मी आधी घराबाहेर जाईन, मग बोलेन.’ आणि त्याच्याकडून ‘बरं, माफ केलं’ असे वदवून घेऊ नका. त्याला वेळ लागेल. पहिल्या दिवशी तो उठून निघून गेला तरी माफी वाया जात नाही. बाप स्वतःही आज्ञेखाली आहे, हे अशा वेळी दिसते.

मग पैसे कशाला लागले ते विचारा. हा प्रश्न अनेक घरांत राहूनच जातो. मोबाइलवरचा खेळ, मित्राची उधारी, मावा किंवा गुटखा, नाहीतर शाळेत कोणी दमदाटी करून पैसे उकळत असेल, प्रत्येकाचा उपाय वेगळा. दमदाटी असेल तर मुख्याध्यापकांना भेटणे तुमचे काम, मुलाचे नाही.

भरपाईसाठी त्याचे जेवण, शाळेचा खर्च किंवा सणाचे कपडे कापू नका. घरातली रोजची कामे, पाणी भरणे, भांडी लावणे, पैशात मोजू नका. ती कुटुंबातल्या प्रत्येकाची आहेत, त्यांना मजुरी लावली की मुलगा घरात गडी होतो. जादा कामे काढा: माळा साफ करणे, पंखे पुसणे, पाण्याची टाकी घासणे, गाडी धुणे. एका कामाचे 30 रुपये धरले तर 12 कामे होतात. आठवड्याला दोन म्हणजे सहा आठवडे. कागदावर 12 चौकोन आखा, काम झाले की त्याने स्वतः खूण करायची. सहा आठवडे 14 वर्षांच्या मुलाला झेपतात. तीन महिने लावलेत तर मधेच दोघेही सोडून द्याल, आणि अर्धवट सोडलेल्या भरपाईने आपल्या शब्दाला वजन नाही, हे मुलाला कळते.

यात कृपा कुठे आली, असे तुम्ही विचाराल. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राच्या 18 व्या वचनात प्रेषित पौल पळून आलेल्या दासाविषयी लिहितो, त्याचे काही देणे असेल तर माझ्या हिशेबी मांड. त्या 12 कामांतली चार तुम्ही त्याच्याबरोबर करा. टाकीत उतरून त्याच्या शेजारी घासा. कृपेला किंमत पडते आणि ती देणारा भरतो, हे त्याला असे दिसेल. बोलणेही तिथेच सुटेल. रात्रपाळीवाल्या घरात बाप आणि मूल एकमेकांना आठवड्यात क्वचितच जागे भेटतात, म्हणून पाळीवर जाण्यापूर्वीची भाकरी रोज त्याच्याबरोबर खा. कागद भरला की त्याच्यासमोर फाडून टाका, आणि त्यानंतर घरात काही हरवले तर पहिले बोट त्याच्याकडे दाखवू नका.

वहिनींनाही एक सांगणे आहे. वडिलांनी लावलेला परिणाम आईने चोरून माफ केला, तर मुलाला वडील नियमशास्त्र (मोशेच्या आज्ञा) वाटतात आणि आई कृपा, आणि तो दोघांच्या मधल्या फटीत राहायला शिकतो. मतभेद मुलाच्या पाठीमागे मिटवा.

प्रश्न : माझी सून नातवंडांवर हात उगारू देत नाही. ‘जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी’ असं पवित्र शास्त्र सांगतं ना?
(आजी, रेल्वे लाइन्स)

उत्तर : आजी, नीतिसूत्रे 13:24 तसे सांगते आणि त्या काळी छडीचा अर्थ छडीच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या वचनाचा भर त्याच्या दुसऱ्या भागात आहे: प्रेम करणारा वेळीच शिस्त लावतो. छडीसाठीचा हिब्रू शब्द शेबेट हाच स्तोत्र 23:4 मध्ये मेंढपाळाच्या हातात आहे, आणि तिथे तो धीर देतो. बापांना लिहिताना पौलाने इफिस 6:4 आणि कलस्सै 3:21 मध्ये छडीचे नाव काढले नाही. मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील, असे त्याने बजावले. रोमी कायद्यात बापाला मुलावर जवळजवळ अमर्याद अधिकार होता, त्या जगात हे लिहिले आहे.

इफिस 6:4 मधल्या ‘शिस्त’ या शब्दासाठी मूळ ग्रीक शब्द आहे पैदेइया. तीत 2:11-12 मध्ये देवाची कृपा आपल्याला अभक्ती सोडायला ‘शिकवते’, तिथले क्रियापद त्याच मुळाचे आहे. गलती 3:24 मधला ‘बालरक्षक’ म्हणजे मुलाला बोट धरून शाळेपर्यंत नेणारा दास, पैदागोगोस, तोही त्याच घरातला शब्द. नियमशास्त्र मुलाला दारापर्यंत नेते आणि आत गेल्यावर शिकवते ती कृपा. कृपा म्हणजे शिस्तीची सुट्टी, असे नव्या करारात कुठेही नाही.

कायद्याचेही सांगून ठेवतो. शाळेत शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने बंदी आहे, आणि बाल न्याय कायदा 2015 चे कलम 75 मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेल्या क्रूरतेला लागू होते. सूनबाईंच्या बाजूने उभ्या राहा. आजीने नातवाला जवळ बसवून ‘आईने सांगितलं ते झालं का?’ एवढे विचारले तरी सुनेचा शब्द घरात दुप्पट जड होतो.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्ड ड्यूटीमुळे रोजचं शास्त्रवाचन चुकतं. चुकलं की तो दिवस वाईटच जाणार असं वाटतं. कृपेने तारण झालं तर ही धास्ती का?
(एक विद्यार्थिनी, होटगी रोड)

उत्तर : कारण तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने मानायचे आणि वाढ मात्र हजेरीपटावर, अशी आपल्यातल्या अनेकांची रीत पडली आहे. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या जर्मन पुस्तकात) 129 प्रश्न आहेत आणि तिचे तीन भाग आहेत: आपली दुरवस्था, आपली सुटका आणि आपली कृतज्ञता. दहा आज्ञांचे सविस्तर विवरण तिसऱ्या भागात, कृतज्ञतेखाली येते. त्यातल्या 114 व्या उत्तरात म्हटले आहे की अत्यंत पवित्र माणसांनाही या जन्मात या आज्ञापालनाची केवळ लहानशी सुरुवात करता येते. तरीही ते केवळ काही आज्ञांप्रमाणे नव्हे, तर सगळ्याच आज्ञांप्रमाणे जगायला लागतात. ‘लहानशी सुरुवात’ हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

धास्ती ओळखायची एक खूण आहे. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो: अमुक रुग्णाशी तू तुसडेपणाने बोललीस. त्याला वाटही असते: कबूल कर, 1 योहान 1:9, आणि उद्या त्या रुग्णाकडे जा. ‘आज काहीतरी वाईट होणार’ हे मोघम असते आणि त्याला वाट नसते. ती भीती शकुन-अपशकुनाची आहे, तिला देवाचा आवाज मानू नकोस.

वाचनाचे माप बदल. पूर्ण पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीनहून जास्त होतात, आणि पाळ्या बदलणाऱ्या मुलीला ते झेपणार नाही. मार्काचे 16 अध्याय घे, रोज अर्धा, 32 बैठका. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नकोस, राहिले तिथून पुढे जा. दुप्पट वाचनाचे कर्ज होते, आणि तीन दिवसांचे कर्ज साचले की पुस्तकच बंद होते. रात्रपाळीच्या आठवड्यात एकच वचन कागदावर लिहून खिशात ठेव. रविवारी उपासना चुकणार असेल तर पाळकांना आधी सांग, म्हणजे कोणी तरी तुझ्याबरोबर आठवड्यात प्रार्थना करील. वाढ एकटीने होत नाही. फिलिप्पै 2:12 ‘आपले तारण साधून घ्या’ म्हणते ते अनेकवचनात आहे, आणि लगेच 13 वे वचन सांगते की इच्छा आणि कृती दोन्ही साधून देणारा देव आहे.

प्रश्न : जानेवारीत होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वर यात्रेची जत्रा) भरतो. मुलांचे सगळे वर्गमित्र पाळण्यात बसायला जातात. आमच्या घरी बंदी आहे, पण कारण विचारलं की मला नीट सांगता येत नाही.
(एक वडील, लष्कर)

उत्तर : कारण सांगता येत नसेल तर तो नियम पहिल्या उत्तरातल्या तीन भागांपैकी (देवाची आज्ञा, घराचा नियम, आपली आवड) कोणत्या भागातला आहे ते आधी तपासा. पाळण्यात बसू नको, अशी देवाची आज्ञा नाही. तुमच्या विवेकाला ते रुचत नसेल तर रोम 14 प्रमाणे तो तुमचा अधिकार आहे, पण मुलाला ‘हा आपल्या घराचा निर्णय आहे’ असे सांगा, ‘देव रागावेल’ असे सांगू नका. जाऊ देणार असाल तर कुटुंबाने मिळून जा, प्रत्येक मुलाला खर्चाची रक्कम आधी ठरवून द्या. पूजेत सहभाग घ्यायचा नाही, हे घरीच शांतपणे बोलून ठेवा. मित्राने प्रसाद पुढे केला तर काय म्हणायचे, तेही आधीच शिकवा, म्हणजे त्याच्या श्रद्धेविषयी मुलाच्या तोंडून वेडेवाकडे काही निघणार नाही: ‘मी घेत नाही रे, पण चल, पाळण्याची तिकिटं काढू.’